जात्याचं नाव लागलेला दगड

श्रोतेहो, नमस्कार.

मी आत्ता एक दगड हातात घेऊन बसलोय. रेडिओवर तो दाखवायची सोय नाही, तेव्हा वर्णनावर भागवून घ्या. तळहाताएवढा आहे, करडा, आणि कडेने पाहिलं तर पट्ट्यापट्ट्यांचा. पट्ट्या क्वार्ट्झच्या, म्हणजे गारगोटीच्याच खनिजाच्या, तार ओढावी तशा लांबलेल्या. मध्येमध्ये फेल्स्पार या दुसऱ्या खनिजाचे पांढुरके दाणे. भिंगाखाली त्यातला एक दाणा आडवा तडकलेला दिसतो. त्याचे दोन तुकडे एकमेकांपासून थोडे सरकलेत, आणि मधल्या फटीत क्वार्ट्झ जाऊन बसलंय. म्हणजे एकाच दगडात, एकाच रेट्याखाली, एक खनिज तुटलं आणि शेजारचं वाहिलं. वितळून नव्हे हं, घन राहूनच.

हा दगड प्रस्तरभंगातला. प्रस्तरभंग म्हणजे जमिनीतली भेग, असं आपण सहज म्हणून जातो. पण नुसती भेग पुरत नाही. तिच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांना घासून सरकले, तरच तो प्रस्तरभंग.

आता खडक तुटतो कसा? प्रयोगशाळेत ग्रॅनाइटचा दंडगोल दाबयंत्रात धरतात आणि त्याला चहूबाजूंनी आवाज टिपणारे संवेदक चिकटवतात. दाब वाढला की आत सूक्ष्म चिरा पडू लागतात आणि प्रत्येक चिरेची एक बारीक ‘टक्’ नोंदली जाते. सुरुवातीला या टकटकी दंडगोलभर विखुरलेल्या असतात. मग त्या एका जागी गोळा होतात, चिरेला चीर मिळत जाते आणि तिरपा तुकडा पडतो, दाबाच्या दिशेशी साधारण ३० अंशांचा कोन करून. मला यातली मधली पायरी फार आवडते. खडक एका फटक्यात तुटत नाही, तो आधी आतून पोखरला जातो.

एकदा तुकडा पडला की खडक किती कणखर होता, हा प्रश्न मागे पडतो. उरतं ते घर्षण. १९७८ साली जेम्स बायर्ली यांनी नाना खडकांवरची घर्षणाची मापं एकत्र मांडली, तेव्हा दिसलं की पुरेशा दाबाखाली ग्रॅनाइट काय नि चुनखडक काय, घर्षण जवळपास सारखंच. अपवाद काही चिकणमातींचा. त्या निसरड्या. आणि प्रस्तरभंग सरकता सरकता स्वतःचाच भुगा करत राहतो. त्या भुग्यात पाणी मुरून चिकणमाती झाली, तर पुढचं सरकणं सोपं होतं. कॅलिफोर्नियातल्या सॅन अँड्रियास प्रस्तरभंगात पार्कफिल्डजवळ भोक पाडलं, तेव्हा सुमारे ३ किलोमीटर खोलीवर अशीच सॅपोनाइट नावाची मऊ माती हाती आली. तिथला भाग मोठा धक्का न देता हळूहळू सरकत असतो.

बाकीचे भाग मात्र अडून बसतात. १८ एप्रिल १९०६ ला याच प्रस्तरभंगाने सॅन फ्रान्सिस्को हादरवलं. रस्ते, कुंपणं काही ठिकाणी कित्येक मीटर बाजूला सरकली. हॅरी रीड यांनी भूकंपाआधीच्या अनेक वर्षांच्या जमीनमोजणीचे आकडे काढून पाहिले. प्रस्तरभंगापासून दूरचे बिंदू आधीपासूनच हलत होते! मधला खडक अडकला होता, वाकत होता, वेताच्या छडीसारखा. घर्षण हरलं त्या क्षणी तो सुटला आणि सरळ झाला. १९१० साली त्यांनी मांडलेली ही कल्पना आजही भूकंपशास्त्राच्या मुळाशी आहे.

घर्षण हरवायला पाणीही पुरतं. १९६२ साली अमेरिकेत डेन्व्हरजवळ सुमारे साडेतीन किलोमीटर खोल विहिरीत लष्करी कारखान्याचं सांडपाणी दाबाने सोडायला सुरुवात झाली, आणि त्या भागात भूकंप जाणवू लागले. खडकांच्या फटींतलं पाणी दोन्ही बाजूंना ढकलतं, त्यामुळे त्यांची एकमेकांवरची पकड सैल होते. १९६६ साली पाणी सोडणं बंद केलं. तरी सगळ्यात मोठे धक्के बसले १९६७ मध्ये. दाब आत पसरतच होता.

हे झालं वरच्या थरांचं. जसजसं खोल जावं तसतशी दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी उष्णता वाढते. ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास क्वार्ट्झ तुटणं सोडून वाहू लागतं. कसं? मोठी सतरंजी अख्खी ओढायला जड जाते. पण एका टोकाला सुरकुती पाडून ती पुढे ढकलत नेली, तर सतरंजी बिनबोभाट सरकते. स्फटिकातही अणूंच्या रांगेत अशी एक चूक असते. ती पुढे सरकते आणि स्फटिक न तुटता आकार बदलतो. फेल्स्पारला मात्र हे जमायला ४५० अंशांच्या आसपास उष्णता लागते. म्हणून माझ्या हातातला दगड या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात घडला, असं म्हणता येतं. पुढे जमीन उचलली गेली, वरचे कित्येक किलोमीटर झिजून गेले आणि तो उघडा पडला.

या दगडाला मायलोनाइट म्हणतात. १८८५ साली चार्ल्स लॅपवर्थ यांनी स्कॉटलंडमधल्या अशाच खडकांना हे नाव दिलं, जात्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून. खडक भरडून, दळून इतका बारीक झाला असणार, असं त्यांना वाटलं. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली कळलं की बारीक दाणे दळून झालेले नाहीत. क्वार्ट्झ वाहता वाहता नव्याने स्फटिक घडत गेले. दळण खरं होतं ते वर, थंड थरांत, आणि तिथल्या भुग्याला वेगळंच नाव आहे. मायलोनाइटचं नाव मात्र कुणी बदललं नाही.