तबला चढतो, ऑर्गन जागचा हलत नाही

मित्रहो, संगीत नाटकाविषयी बोलायचे म्हटले की वक्ता बहुधा गायकनटांपासून प्रारंभ करतो. मी तबल्यापासून करणार आहे. समुद्राकाठच्या दमट हवेत लावलेला तबला मुंबईहून रेल्वेमार्गाने ८०० किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या नागपूरच्या कोरड्या हवेत येतो, तेव्हा त्याची पुडी, म्हणजे तोंडावरचे कातडे, ताणली जाऊन सूर चढतो. ऑर्गनचा सूर मात्र आत कायमच्या बसवलेल्या पट्ट्यांचा, त्यामुळे तो जागचा हलत नाही. म्हणून पहिल्या घंटेच्या आधी, प्रेक्षागृहात खुर्च्यांचे क्रमांक शोधण्याची गडबड चाललेली असताना, हातोडीचे जे ठोके ऐकू येतात त्यांकडे मी कान लावून असतो. गजरा, म्हणजे पुडीच्या कडेची चामड्याची वेणी, खालून वर ठोकत तबलजी सूर उतरवत असतो. दौऱ्यावरचे नाटक गावोगाव तेच असते ही समजूत माझ्यापुरती तिथेच, नांदीच्याही आधी, मोडते.

फिरती हा या नाट्यप्रकाराचा मूळ धर्मच आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगमंचावर आणले आणि तोवर मुख्यत्वे सूत्रधाराकडे असलेले गाणे पात्रांच्या मुखी दिले. त्यानंतर किर्लोस्कर मंडळी, १९१३ मध्ये निघालेली गंधर्व मंडळी आणि इतर अनेक मंडळ्या बिऱ्हाडासकट गावोगाव मुक्काम करीत हिंडल्या. आजचा दौरा बस आणि ट्रकवर भागतो. मुक्काम आटोपशीर झाला, पण एक गोष्ट बदललेली नाही: संहिता हाती असूनही प्रयोग किती वाजता सुटेल हे कोणाला आधी सांगता येत नाही. १८८२ च्या ‘सौभद्र’मध्ये सुभद्रा व्याकूळ होऊन गाते, प्रेक्षागृहातून ‘वन्स मोअर’ येतो, आणि तिची व्याकुळता निमूटपणे पुन्हा पहिल्या ओळीवर जाते. कथानकाच्या दृष्टीने हा शुद्ध व्यत्यय आहे, आणि आपण तिकीट काढतो ते बहुतांशी याच व्यत्ययासाठी.

‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकाने मात्र हे गणित उलटवले, म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबतो. २४ डिसेंबर १९६७ रोजी ते रंगभूमीवर आले. निर्मिती मुंबईच्या ‘नाट्यसंपदा’ या संस्थेची, संगीत जितेंद्र अभिषेकींचे; पण लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर आपल्या नागपूरचे, येथे मास्तरकी केलेले, ‘रंजन कलामंदिर’ ही नाट्यसंस्था उभारणारे. त्यातले गवई खाँसाहेब आफताब हुसेन हे पात्र उभे करणारे वसंतराव देशपांडे जन्माने मूर्तिजापूरचे, परंतु त्यांचे बालपण नागपुरात गेले आणि गाण्याचे आरंभीचे धडे त्यांनी येथेच शंकरराव सप्रे यांच्याकडे घेतले. म्हणजे मुंबईहून दौऱ्यावर आलेले नाटक आपण ज्याला म्हणतो, त्यातला मोठा ऐवज येथूनच गेला होता. (हे सांगताना नागपूरकराची मान थोडी ताठ होते, ती सवय तुम्ही सांभाळून घ्याल.) या नाटकात गाणे कथेला थांबवत नाही, गाणे हीच घटना असते. दोन घराण्यांचा सामना दरबारात होतो, आणि कोणाचे गाणे सरस याचा निवाडा प्रत्येक प्रेक्षक आपल्या खुर्चीत बसून करीतच असतो. दारव्हेकरांनी प्रेक्षागृहालाच दरबार केले. असा दरबार ट्रकमध्ये घालून आणता येत नाही. तो ज्या त्या गावाने भरवायचा असतो.

तो आम्ही भरवला सीताबर्डीवरच्या धनवटे रंगमंदिरात. ती जुनी वास्तू आता नाही, तिच्या जागी विदर्भ साहित्य संघाचे संकुल आहे; सिव्हिल लाइन्समधले मोठे सभागृह वसंतरावांच्याच नावाने उभे आहे. जुन्या वास्तूंविषयी उगाच हळवे होण्यात मला रस नाही. माझी तक्रार ध्वनीची आहे. नटाच्या कपड्यात दडवलेल्या माइकमुळे प्रत्येक पात्राचा आवाज त्याच्या तोंडातून न येता भिंतीवरच्या स्पीकरमधून येतो, आणि रंगमंचाच्या डाव्या कोपऱ्यातून मारलेली तान उजव्या कानाशी फुटते. मोठ्या सभागृहात माइक लागणार, हे मान्य आहे. परंतु मंचाच्या कडेला ठेवलेल्या मोजक्या माइकांपुढे नट आवाज ‘फेकत’ असे, तेव्हा त्या फेकीतून अंतर कळे, आणि अंतर कळले की नाट्यही कळे.

एप्रिलमधला एक प्रयोग सांगतो. ज्या सभागृहात तो झाला त्याचे नाव सांगत नाही. भिंतीतले कूलर घरघरत होते आणि त्यांची घरघर ऑर्गनच्या षड्जाच्या, म्हणजे ‘सा’च्या, जेमतेम खाली लागलेली होती. पहिल्या अंकात गायक ती टाळून गाण्याचा प्रयत्न करीत राहिला. मध्यंतरानंतर पुढच्या रांगेतले एक वृद्ध गृहस्थ उठले आणि त्यांनी व्यवस्थापकांना, “कूलर बंद करा,” असे मोठ्याने सांगितले. कोणीही विरोध केला नाही. कूलर थांबले, दारे सताड उघडली गेली, बाहेरची गरम कोरडी हवा आत आली आणि सगळे प्रेक्षागृह कार्यक्रमपत्रिकांनी वारा घेत शेवटच्या भैरवीपर्यंत बसून राहिले. कूलरच्या ओलाव्यात खाली बसलेला तबला मात्र त्या हवेत पुन्हा चढला. दोन पदांच्या मधल्या संवादात तबलजीने हातोडी उचलली. रंगमंचावरच्या नटाने ते पाहिले आणि आपले वाक्य जरा सावकाश म्हटले.