फडताळातली टेप

श्रोतेहो, नमस्कार.

६ मार्च १९६३. न्यू जर्सीतल्या रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्या चौकडीचं रेकॉर्डिंग झालं. पियानोवर मॅकॉय टायनर, बासवर जिमी गॅरिसन, ड्रमवर एल्विन जोन्स. ते रसिकांच्या हाती पडलं २९ जून २०१८ ला, तब्बल ५५ वर्षांनी! कंपनीकडची मास्टर टेप, म्हणजे मूळ टेप, उरलीच नव्हती. उरली ती कोल्ट्रेननी ऐकायला म्हणून घरी नेलेली मोनो प्रत. त्यांच्या पहिल्या पत्नी नईमा यांच्या कुटुंबानं ती सांभाळली.

आता आपल्याकडं बघू. जयपूर-अत्रौली घराण्याचे गायक अल्लादियाखाँसाहेब यांची गायकी ज्या कोल्हापुरात रुजली, तिथं घरगुती मैफलींच्या टेपचे स्पूल, म्हणजे रिळं, फडताळात, माळ्यावर पडून असणार. एखादा सापडला, तर हात जोडून विनंती आहे, 'वाजतंय का बघू' म्हणून लगेच मशीनवर चढवू नका.

आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर टेप ॲसिटेटची, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची, आहे आणि कुजायला लागली आहे. ती इतर टेपांपासून वेगळी ठेवा. मग रीळ कडेनं उजेडाकडं धरा. ॲसिटेटमधून उजेड झिरपतो, पॉलिएस्टरमधून नाही. हा फरक ओळखणं फार महत्त्वाचं. १९७० नंतरच्या काही पॉलिएस्टर टेपांचा बाइंडर, म्हणजे आवाज धरणारी चुंबकीय भुकटी टेपला चिकटवणारा थर, हवेतली ओल शोषून चिकट होतो. वाजवताना टेप किंचाळते, हेडवर, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, तपकिरी राड साचते, आणि ती राड म्हणजेच आपलं गाणं. अशी टेप साधारण ५४ अंश सेल्सिअसला ८ तास भाजतात. नंतर काही आठवडे ती नीट वाजते. तेवढ्यात ती संगणकावर उतरवून घ्यायची. हे काम नेमकं तापमान धरणाऱ्या यंत्राचं, घरच्या ओव्हनचं नव्हे. ॲसिटेट मात्र कधीही भाजू नये, ती आक्रसते आणि ठिसूळ होते.

उतरवताना हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घ्या. हेडचा कोन जुळवायला स्क्रू अगदी हळू फिरवा. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांची गुंजणारी झंकार, उजळ ऐकू आली की थांबा. कोन चुकला तर वरचे स्वर बोथट होतात, ते मागाहून कुठल्याही सॉफ्टवेअरनं पूर्ण परत येत नाहीत. संगणकावर आवाज २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ या दर्जाला साठवा.

आणि वाजवून झाल्यावर टेप उलटी गुंडाळू नका, शेवट बाहेर राहू द्या. एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो. सुरुवात बाहेर असेल तर सम यायच्या आधीच तिची पुसट सावली ऐकू येते. शेवट बाहेर असेल तर ती सावली मागून येते आणि चालू गाण्यात विरून जाते.