झाकणाखालचा प्रश्न

लोखंडी पहारीने मैलावाहिनीचे जड झाकण सरकवले जाते, कमरेला दोर बांधला जातो आणि माणूस खाली उतरतो. आत साचलेल्या हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचे प्रमाण वाढले की नाकच बधिर होते, त्यामुळे ज्या दुर्गंधीने सावध करायचे तीच येईनाशी होते. असा मृत्यू बहुधा ‘अपघात’ म्हणून नोंदला जातो. उतरणारा माणूस पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींतूनच का येतो, हे त्या नोंदीत कुठेच नसते.

ते विचारणे हे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे काम आहे. १२ ऑक्टोबर १९९३ रोजी स्थापन झालेल्या या आयोगाकडे तक्रार करायला शुल्क लागत नाही, वकील लागत नाही, अर्ज मराठीत लिहिलेला चालतो. बातमी वाचून आयोग स्वतःहूनही दखल घेऊ शकतो. मात्र घटनेला वर्ष उलटले की त्याला चौकशी करता येत नाही. कर्ता माणूस गेलेल्या घरात वर्ष कसे सरते, याचा विचार ही मुदत ठरवताना झाला असेल असे वाटत नाही.

२००१ साली डर्बनच्या जागतिक वंशभेदविरोधी परिषदेत जातीचा विषय नको, अशी भारत सरकारची भूमिका होती. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा तेव्हा आयोगाचे अध्यक्ष होते. भेदभावाला नाव कोणते द्यायचे यापेक्षा तो अजून टिकून आहे ही चिंतेची बाब आहे, असे आयोगाने तेथे मांडले. सरकारनेच नेमलेल्या संस्थेने सरकारहून वेगळे बोलावे, हे तेव्हाही सोपे नव्हते.

साक्षीदार बोलावण्याचे, कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आयोगाला आहेत. आदेश देण्याचे नाहीत. तो भरपाईची आणि दोषींवरील कारवाईची शिफारस करतो, आणि सरकारने महिनाभरात किंवा वाढवून मिळालेल्या मुदतीत आपले म्हणणे कळवायचे असते. धोकादायक सफाईबाबत आयोगाने २०२१ मध्ये राज्यांना मार्गदर्शक सूचना पाठवल्या, त्याही सूचनाच. मैलावाहिनीतील मृत्यूसाठी २०१४ मध्ये १० लाख आणि २०२३ मध्ये ३० लाख रुपयांची भरपाई बंधनकारक झाली, ती सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळे.

तरीही आयोगाची नोटीस निघाली की मुख्य सचिवांच्या कार्यालयात फाइल उघडावी लागते. तेथून ती खाली सरकत जाते, आणि खुलाशाचा मसुदा बहुधा त्याच खात्याच्या टेबलावर लिहिला जातो, ज्याने ते झाकण उघडायला सांगितले होते.