तेंदूच्या हंगामातलं शरीर

मे महिना, गडचिरोली जिल्हा. तेंदूपत्त्याचा हंगाम. उजाडायच्या आतच माणसं जंगलात शिरतात आणि ऊन चढायच्या आत पानांचे गठ्ठे घेऊन परततात. मग सावलीत बसून ७० पानांचं एकेक पुडकं बांधायचं, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं जमा करण्याच्या ठिकाणी, पोचवायचं. बाहेर पारा चाळिशीच्या कितीतरी वर. शरीराच्या आत मात्र सदतीसच्या आसपास.

त्यासाठी केवढी धडपड चाललेली असते! मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आहे. रक्त जरा तापलं की त्याला कळतं. त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम सुटतो. हवाच अंगापेक्षा गरम झाली, की उष्णता बाहेर टाकायला घामावाचून दुसरी वाट उरत नाही. एक लिटर घाम सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण अंगावर वाळला तरच. कोकणातल्या दमट हवेत घामाच्या नुसत्या धारा लागतात, जिवाला गारवा मिळत नाही, तो यामुळेच.

आता हा घाम येतो रक्तातल्या पाण्यातून. खरा पेच इथे आहे. त्वचेला रक्त हवं, राबणाऱ्या हातापायांना हवं, मेंदूला तर हवंच. आणि पाणी घटत चाललेलं. म्हणून हृदय जोरात धडधडतं, आतड्यांकडे जाणारं रक्त कमी होतं. रक्त किंचित जरी दाटलं तरी तहान लागते, व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक सुटतं आणि मूत्रपिंडं पाणी राखू लागतात. लघवी थोडी आणि गडद पिवळी झाली, तर समजावं, अंगातलं पाणी कमी पडतंय.

आठ-पंधरा दिवस उन्हात काम केलं की अंग सरावतं. घाम लवकर आणि जास्त सुटतो, पण त्यातलं मीठ कमी होतं. शरीर घामातलं मीठसुद्धा परत खेचून घेतं, याचं फार अप्रूप वाटतं. मात्र सरावलेल्या माणसाला पाणी कमी लागतं, हा समज घातक आहे. त्याला जास्तच लागतं.

आणि जंगलात थर्मामीटर नसतो. उन्हात राबणारा माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, तर उष्माघात धरूनच चालायचं. त्याला सावलीत आणा, अंगभर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात पाणी घालू नका.