पिसवा मांजरावर कमी, घरात जास्त

(मांजराच्या पाठीवरून फिरणारी बारीक दातांची फणी, अगदी जवळून.)

फणीत अडकलेली ही काळी भुकटी ओल्या पांढऱ्या कागदावर झटकून बघा. कणांभोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे मांजराचंच पचलेलं रक्त. मांजर अंग चाटताना पिसवा गिळून टाकतं. त्यामुळे पुष्कळदा एकही पिसू दिसत नाही आणि हा डागच तेवढा पुरावा हाती लागतो.

पिसू जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. रक्त पोटात गेलं की एक-दोन दिवसांत मादी अंडी घालू लागते, दिवसाला ४०-५० पर्यंत. अंडी गुळगुळीत असतात, केसांना चिकटत नाहीत. मांजर जिथे झोपतं तिथे, गादीत, सोफ्याच्या फटीत, ती गळून पडतात. त्यांतून निघालेल्या अळ्या उजेड टाळत गालिच्याच्या मुळाशी शिरतात आणि तीच वाळलेली रक्ताची भुकटी खाऊन वाढतात.

(गालिच्याच्या धाग्यांत धुळीने माखलेला कोष.)

वाढलेली अळी स्वतःभोवती असा कोष विणते आणि आतच तिची पिसू होते. खरी अडचण या कोषाची. कीटकनाशकाचा फवारा त्याच्या आत सहसा पोचत नाही आणि आतली पिसू कित्येक महिने दम धरून राहू शकते. जमीन हादरली, ऊब जाणवली, कुणाचा श्वास जवळ आला की ती बाहेर पडते. बरेच दिवस बंद असलेल्या घरात पाऊल टाकताच पायांना चावे बसतात, ते यामुळेच.

मांजराच्या अंगावर असतात त्या पिसवा एकूण पसाऱ्याच्या सुमारे ५ टक्के. बाकीचं सगळं घरात.

म्हणून मांजराला घराबाहेर काढू नका. औषध लावलेलं मांजर घरात फिरलं, की कोषातून निघालेली पिसू त्याच्याच अंगावर उडी घेते आणि तिथेच मरते. फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिनसारखं औषध पशुवैद्यांना विचारून, मांजराच्या वजनाप्रमाणे घ्यावं. मानेच्या मागे, जिथे जीभ पोचत नाही तिथे, केस बाजूला सारून थेट कातडीवर सोडावं. घरातल्या प्रत्येक मांजराला आणि कुत्र्याला उपचार हवेत, प्रत्येकाला ज्याचं त्याचं औषध.

ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे. कुत्र्यांच्या कितीतरी औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं. मांजराच्या यकृताला ते नीट पचवता येत नाही. अंग थरथरतं, झटके येतात, जीवही जातो. ‘थोडंसंच लावू’ असं कधीही करू नका. लागलंच, तर लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यांना फोन करा. टी-ट्री तेल, कापूर, लसूण हे घरगुती उपायही मांजराला विषारी आहेत, आणि फरशी पुसायचं फिनाईलसुद्धा.

(व्हॅक्यूम क्लीनर सोफ्याखाली जातो.)

घरात व्हॅक्यूम फिरवा, शक्य तर रोज. त्याच्या हादऱ्याने कोषातल्या पिसवा बाहेर येतात, आणि बाहेर आल्या की औषधाच्या तावडीत सापडतात. जमलेला कचरा लगेच पिशवीत बांधून घराबाहेर टाका. मांजराचं अंथरूण ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा. फवारा मारायचाच असेल, तर अंडी-अळ्यांची वाढ रोखणारं मेथोप्रिन असलेला घ्या. तो पूर्ण वाळेपर्यंत मांजराला त्या खोलीत येऊ देऊ नका.

दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पिसवा दिसतील. औषध फुकट गेलं असं वाटून बहुतेक जण इथेच सोडून देतात. त्या जुन्या कोषांतून निघालेल्या असतात. ठरल्या वेळी पुढचा डोस द्या, निदान तीन महिने.

शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही दिसलं, तर तो पट्टकृमीचा, म्हणजे आतड्यातल्या चपट्या जंताचा, तुकडा. पिसू गिळल्याने हा जंत होतो, त्याचं औषध वेगळं.

आणि पिल्लं. इवल्याशा जिवाचं रक्त पिसवांमुळे धोकादायक पातळीपर्यंत कमी होऊ शकतं. बरीच औषधं त्या वयात चालत नाहीत, तेव्हा फणीनेच पिसवा काढून साबणाच्या पाण्यात बुडवाव्या लागतात. रोज पिल्लाचा ओठ हलकेच उचलून हिरड्या बघा. गुलाबी हव्यात. पांढुरक्या दिसल्या, तर त्याच क्षणी पिल्लाला घेऊन पशुवैद्यांकडे निघा.