खुंट निवडताना आधी माती बघा

नमस्कार शेतकरी बंधू-भगिनींनो.

नवी द्राक्षबाग लावायची म्हटलं की वाण कुठला यावर रात्र-रात्र खल होतो. खुंट, म्हणजे ज्यावर वाणाचं कलम करतो ते मुळाचं रोप, मात्र शेजाऱ्यानं लावला तोच. आज त्या खुंटाबद्दल बोलू. पण आधी एक हकीकत, मला फार आवडणारी.

एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या बागांत फायलोक्सेरा शिरली. मुळांवर जगणारी बारीक कीड. बागाच्या बागा वाळल्या. अमेरिकेतल्या रानवेलींची मुळं तिला दाद देत नव्हती, म्हणून तिकडचे खुंट आणून त्यांवर कलमं केली. पण कॉन्याक भागातल्या पांढुरक्या चुनखडीच्या रानात तेच वेल पिवळे पडले. चुन्यामुळे लोहच मिळेना! शेवटी 1887 साली फ्रान्सनं पिएर व्हियाला या प्राध्यापकांना अमेरिकेला धाडलं. टेक्सासात त्यांना टी. व्ही. मन्सन भेटले. रानोमाळ हिंडून जंगली द्राक्षवेलींचा अभ्यास केलेला माणूस! त्यांच्या मदतीनं हाती लागली बर्लांडिएरी, चुनखडीच्या टेकड्यांवर आपोआप वाढणारी वेल. तिची काडी सहजी मुळं धरत नाही, म्हणून दुसऱ्या जातींशी तिचा संकर केला. आपला 110 आर हा खुंट त्यातलाच. 1888 साली फ्रान्सनं मन्सन यांना कृषी सन्मान दिला. वेलीचा अभ्यास करणाऱ्याचा असा मान आपल्याकडंही तालुक्या-तालुक्यांत व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आणि आपला दुसरा खुंट, डॉगरिज? तोही टेक्सासचाच, बेल काउंटीतला. आपल्याकडं खुंट आले ते मात्र किडीमुळे नव्हे; खारं पाणी आणि दुष्काळ यांमुळे.

तर जमीन किंवा पाणी खारवट असेल, पानांच्या कडा करपत असतील, तर डॉगरिज. भारी, सुपीक काळ्या रानात मात्र तो नुसता पाला वाढवतो, घड कमी. मध्यम जमीन आणि पाण्याची ओढ असेल, तर 110 आरचा विचार करा. त्याची वाढ बेताची, घडनिर्मिती चांगली.

माती तपासा आणि पाणीही तपासा. पुन्हा सांगतो, दोन्ही! ईसी (म्हणजे क्षार किती आहेत त्याचं माप), सोडियम आणि मुक्त चुना, तिन्ही आकडे मागून घ्या. मातीचा नमुना वरच्या फुटाचा वेगळा, खालच्या फुटाचा वेगळा. माझं तर म्हणणं, हा अहवाल सात-बाऱ्याइतका जपावा.

खुंटरोपं फेब्रुवारी-मार्चमध्ये लागतात, कलम ऑगस्ट-सप्टेंबरात. रोपांची नोंदणी करण्याआधी अहवाल हातात असू द्या. नमस्कार.