मीठ तेवढं बरोबर आलं

श्रोतेहो, नमस्कार. आजचा विषय ऐकून काही जण रेडिओचा कान पिळतील, पण जरा थांबा. कॉम्प्युटरवर यादी टाइप करताना प्रत्येक ओळीआधी ठिपका येतो ना, बुलेट म्हणतात तो, तो आपल्या मनासारखा कसा करून घ्यायचा याबद्दल बोलायचंय. पण त्याआधी तुम्हाला साबुदाण्याकडे न्यावं लागेल.

आमचं मंडळ छोटं. आषाढी एकादशीला संध्याकाळी भजन आणि मग सत्तरेक माणसांची साबुदाण्याची खिचडी, हा शिरस्ता. खिचडी तुपाजिऱ्याची, आपली. इंदुरात खिचडी म्हटलं की लोकांना सराफ्यातली आठवते, वाफेवर ठेवलेली, वरून फराळी मिक्स्चर नि लिंबू मारलेली. ती मीही खातो, रात्री अकराला उभ्यानं खातो. पण तिला खिचडी म्हणू नये, ते चाट झालं, असं माझं मत आहे आणि ते बदलायचं वय राहिलं नाही. असो.

सामानाची यादी करणं चिटणीस म्हणून माझ्याकडे. उभी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे लिहायची सवय खतावणीची: आधी माल, मग माप, शेवटी आकडा. साबुदाणा किलो ५. शेंगदाणे किलो ३. तूप किलो १. जिरं ग्रॅम २५०. सैंधव पाकिटं २. वर 'फराळ' असा मथळा, त्याला भरीव काळा ठिपका. खाली हे जिन्नस, टॅब दाबून आत सरकवलेले, त्यांना पोकळ गोल. छापून काढलं असतं तर मखरात लावावं इतकं देखणं दिसत होतं.

पण छापलं नाही. आमच्या सियागंजातल्या किराणावाल्यानं नवीनच फोनवरून ऑर्डर घ्यायला सुरुवात केली होती. त्याच्या पानावर एक चौकट, 'सामान लिखिए'. मी वर्ड या लिहायच्या प्रोग्रॅममधली यादी उचलली, त्या चौकटीत चिकटवली, आणि चष्मा कपाळावर असतानाच बटण दाबलं.

दशमीला सकाळी दारात लोडिंग रिक्षा. पोरगा खाली उतरून म्हणतो, "भिया, कट्टा कहाँ रखूँ? पचास किलो साबूदाना है."

मला वाटलं पत्ता चुकला. नव्हता चुकला. ५० किलो साबुदाणा. ३० किलो शेंगदाणे. तूप १० किलो. आणि जिरं, श्रोतेहो, जिरं अडीच किलो! सैंधवाची पाकिटं मात्र दोन. मागितली तेवढीच, दोन.

मी तावातावानं दुकानात फोन लावला. तो माणूस शांत. म्हणाला, "भिया, आपने जो लिखा वही भेजा," आणि माझी ऑर्डर त्यानं मलाच पाठवली. चष्मा खाली घेऊन वाचली. साबुदाणा किलो ५०. शेंगदाणे किलो ३०. सगळी यादी एका ओळीत, आणि आकड्यांपुढे शून्यं. ती मी दिलेली नव्हती! तोवर पडवीत मंडळाची माणसं जमली आणि माझ्याकडे अशी बघायला लागली की बँकेतले हिशेबही मी असेच ठेवले असणार.

कोडं सुटलं ते आमच्या खजिनदार काकूंमुळे. त्या शाळेत गणित शिकवायच्या. पोत्यावर टेकून त्यांनी विचारलं, "अहो चिटणीस, सगळं दहापट आलं, मग मीठच कसं वाचलं?" मग स्वतःच म्हणाल्या, "मीठ यादीत शेवटी होतं ना?"

होतं. आणि तिथेच सगळं होतं. माझे ते पोकळ गोल, ते गोल नव्हतेच. वर्डमध्ये यादीच्या दुसऱ्या पातळीला आपोआप येणारी बुलेट म्हणजे कुरिअर न्यू या फाँटमधलं, म्हणजे अक्षरांच्या वळणातलं, इंग्रजी छोटं 'ओ' हे अक्षर. त्या चौकटीत एकच ओळ मावते, म्हणून ओळी तुटून एकमेकींना चिकटल्या. शेंगदाण्यांआधीचा 'ओ' साबुदाण्याच्या पाचाला जाऊन लागला. तुपाआधीचा शेंगदाण्यांच्या तिनाला. इंग्रजी छोटा 'ओ' आणि आपलं देवनागरी शून्य, बारीक अक्षरात वेगळे ओळखून दाखवा बरं! मिठाखाली ओळच नव्हती, म्हणून त्याला शून्य लागलं नाही. साबुदाण्याआधीही एक होतं, मथळ्याला चिकटलेलं, पण डावीकडच्या शून्याला कोण विचारतो?

तर मुद्दा हा, आणि पुन्हा सांगतो: बुलेट हे चित्र नाही, अक्षर आहे. कुठल्यातरी फाँटचा पोशाख घातलेलं अक्षर. नुसता मजकूर दुसरीकडे गेला की पोशाख उतरतो आणि आतलं अक्षर उघडं पडतं. विंगडिंग्ज फाँट १९९२ साली विंडोज ३.१ बरोबर आला, त्यात तर अशी सोंगं भरलेली आहेत. तिथला हसरा चेहरा आत इंग्रजी 'जे' आहे. बरोबरची खूण आत डोक्यावर दोन टिंबं दिलेला 'यू' आहे.

मग करायचं काय? ज्या पातळीची बुलेट बदलायची त्या ओळीवर कर्सर ठेवा. होम टॅबवर बुलेटच्या बटणाशेजारी छोटा बाण आहे, त्यात 'डिफाइन न्यू बुलेट', त्यात 'सिंबल'. आता फाँटच्या जागी 'नॉर्मल टेक्स्ट' निवडा, विंगडिंग्ज नको. शेजारी 'युनिकोड हेक्स', म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेल्या क्रमांकांची पद्धत, निवडलेली असल्याची खात्री करा आणि कोडच्या रकान्यात इंग्रजी आकड्यांत २०२२ लिहा. हा खरा ठिपका, कुठेही गेला तरी ठिपकाच राहतो. आतल्या पातळीला आडवी रेघ हवी असेल तर कोड २०१३. साल म्हणून लक्षात ठेवा: ठिपका २०२२, रेघ २०१३. परत एकदा, ठिपका २०२२, रेघ २०१३. वर्डऐवजी लिबर ऑफिस वापरणाऱ्यांनी फॉरमॅट मेन्यूतल्या 'बुलेट्स अँड नंबरिंग'मध्ये 'कस्टमाइझ' बघावं.

नुसता रंग किंवा आकार बदलायचा असेल तर एवढं करायलाच नको. एका ठिपक्यावर क्लिक करा, त्या पातळीचे सगळे निवडले जातात, मग काय तो रंग द्या. अक्षरांना धक्का लागत नाही. 'पिक्चर' म्हणूनही पर्याय आहे, हवं ते चित्र बुलेट म्हणून लावता येतं. आमच्या एका उत्साही सभासदानं वार्षिक अहवालात प्रत्येक ओळीआधी गणपती लावला होता. "मागील सभेचे इतिवृत्त" गणपती, "थकीत वर्गणी" गणपती. देवाला कशाकशात ओढायचं याला काही सुमार?

किराणावाल्यानं पोतं आणि तुपाचे बंद डबे मुकाट्यानं परत घेतले, शेंगदाणेही घेतले. जिरं मात्र सुटं तोलून बांधलेलं, ते परत होईना. सव्वादोन किलो उरलं. शेवटी काकूंनी वर्तमानपत्राच्या पुड्या बांधल्या आणि प्रसादाबरोबर घरटी एकेक दिली. द्वादशीला सकाळी दूध आणायला निघालो, तर आख्ख्या गल्लीत जिऱ्याच्या फोडणीचा वास.

नमस्कार.